साडूभाऊंचं बघणं

नुसतं बघत राहण्यात अख्खा जन्म घालवावा आणि तरी वेळ पुरला नाही म्हणून हळहळावं, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. पार्स्यात राहायचं, घरची काजूची बाग दुसऱ्यांवर सोपवायची आणि स्वतः कॅनव्हाससमोर बसायचं. त्यावर झाड नसे, माणूस नसे, देवळाचा कळस तर नसेच. मेस्त्रीच्या थापीने रंगावर रंग लिंपायचे, दुसऱ्या दिवशी खरवडायचे, मग ते चित्र महिनाभर भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. का, विचारलं तर म्हणत, "तेका जरा माका विसरांदी." पेडण्याच्या बाजारात बांगड्यांच्या टोपलीसमोर इतका वेळ उभे राहात की मासेवाली खवळे, "घेवपाचे आसात, काय नुसते बघपाचे?" यांचं शांत उत्तर, "बाय, हो पोटाकडचो रंग आणिक धा मिनिटांनी उरचो ना." एकदा पोदेराच्या भट्टीतून आणलेला उंडा पाव त्यांनी आठ दिवस जनेलाच्या गजांपाशी ठेवला, बुरशीचा हिरवा बघायला. मेव्हणीने तो उकिरड्यावर फेकला, तर घरात सुतक असल्यासारखे दोन दिवस धड जेवले नाहीत.

त्यांची थट्टा करणाऱ्यांत मी पहिला. डिचोलीच्या खाणीवर वजनकाट्याचा कारकून होतो. ज्याचं वजन होतं तेवढंच माझ्या लेखी खरं. मग खाण बंद पडली. मी घरी बसलो, बोलेनासा झालो, ताट तसंच सारू लागलो. एका सकाळी साडूभाऊ स्कूटर घेऊन दारात उभे.

"चल, तुझी खाण बघून येऊया."

"ती मी वीस वर्षं बघितलीय."

"थापो मारू नको. वीस वर्सां तू ट्रक मोजलंस."

खाणीच्या खड्ड्यात पाणी साठलं होतं. कुंपणाबाहेरच्या दरडीवर आम्ही बसलो. मी "लाल माती" म्हटलं की ते हातावर चापट मारत. "नाव घेतलंस काय बघणां संपलां. गप बघ." दुपार कलल्यावर केव्हातरी त्या लालात मला जांभळा दिसला, मग पाण्याच्या कडेला कसलासा पोपटी. आणि कित्येक दिवसांनी मला कडकडून भूक लागली. एवढंच झालं. पुढे मांद्र्याच्या एका गेस्टहाऊसात नोकरी लागली, पण मी माणसांत आलो तो त्या दुपारी.

आता साडूभाऊंची नजर गेली आहे. डॉक्टरांनी हात टेकले. गेल्या महिन्यात कळलं की खाणीतलं पाणी उपसतायत. मी रजा टाकली, दिवसभर त्या दरडीवर बसलो आणि तिथून थेट पार्सें गाठलं. ते ओसरीवर खुर्चीत बसले होते. मी सांगत सुटलो: उघड्या पडलेल्या कडेवर सकाळी एक पट्टा होता, घंगाळाच्या आतल्या बाजूसारखा, उन्हाने तो राखेसारखा झाला...

"घाई करू नको," ते म्हणाले. "त्येच्या खाली काय होतां?"

मी तेही सांगितलं, जमेल तसं. मेव्हणीने आणलेला चहा निवला. मग हात पुढे करून त्यांनी माझं मनगट चाचपलं, घट्ट धरलं.

"ह्यो रंग," ते म्हणाले, "माका कधी गावलो नाय."