वळणावरचा देव हलवला त्याची गोष्ट

शाळा मी चौथीत सोडली, पण रस्त्यावर रोलर चालवण्यात हयात गेली. म्हणून उचगावच्या पुढं माळावर मोटारसायकलींच्या रेसिंगचा ट्रॅक व्हायला लागला तेव्हा ठेकेदारानं मला बोलावलं. बायको जाऊन चार महिने झाले होते. घरात बसून भिंती बघण्यापेक्षा डांबराचा वास बरा, म्हणून गेलो.

ट्रॅक आखणारी इंजिनिअर पोरगी पुण्याची. तिनं नकाशा मातीत पसरून मला शेवटचं वळण समजावलं. शिरताना ते रुंद, भोळं दिसतं. गडी जोरात घुसतो आणि निम्म्यात गेला की ते आवळत येतं. आधीच वेग कमी केला तोच नीट बाहेर पडतो. मी म्हटलं, कळलं, आमचं लग्न असंच होतं. हसावं का नको, तिला कळेना.

वळण अवघड पाहिजे, पण चुकणारा मरता कामा नये, असं तिचं म्हणणं. म्हणून बाहेरच्या अंगाला मोकळी जागा, तिच्यात वीतभर बारीक खडी, मागं एकमेकींना बांधलेल्या जुन्या टायरींची भिंत. गाडी खडीत रुतते, टायरींना टेकते, माणूस शिव्या देत उठतो. मध्ये खांब नको, झाड नको, धोंडा तर नकोच.

आणि नेमका तिथंच आमच्या गड्यांनी देव बसवला. मांडीएवढा धोंडा, वर शेंदूर. वाईट वळणाला राखणदार पाहिजेच की! आजऱ्याला बायकोच्या माहेरी जाताना असे देव लागायचे. प्रत्येक देवाला ती माझ्या पाठीत बोट खुपसायची, मी गाडी हळू करायचो, ती हात जोडायची. आम्ही वाचलो ते त्या बोटामुळं, देवामुळं नव्हे. रेसच्या गाडीवर मागं बायको नसते.

दुसऱ्या दिवशी चाचणी होती. पोरगी म्हणाली, धोंडा काढल्याशिवाय गाडी सोडणार नाही. एक गडी हलेना. ट्रॅकचा मालक म्हणाला, देवालाच चार टायरी घाला. शेवटी मी रोलरवरून उतरलो. मुकादम आडवा आला.

"मामा, हात लावू नकासा. घरात वाईट हुईल."

"झालं की ते. आता काय न्हेणार हाय त्यो, रोलर?"

बायको दवाखान्यात होती तेव्हा नवस बोलायचा एक देव मी ठेवला नव्हता. एकानंही दाद दिली नाही. धोंडा उचलताना कंबर कडाडली. त्याला चार शब्द सुनावत टायरींच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ नेऊन बसवला.

चाचणीला आलेला गडी त्या वळणात जोरात घुसला आणि सरळ बाहेर. खडी उडाली, टायरींना धडक बसली. हेल्मेट काढून त्यानं ट्रॅकला आईवरून शिवी घातली, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मुकादम म्हणाला, देवानं राखलं. मी म्हटलं, व्हय, वाटेतनं उठला म्हणून.

आता टाकीजवळ रोज कोणीतरी उदबत्ती लावतं. मुकादम म्हणतो, मामा, एकदा तरी हात जोडा. मी जोडत नाही. देवाचं आणि माझं बोलणं अजून बंद आहे.