मले सुई पचते

आमच्या भागात गोळी देणाऱ्याला कुणी डॉक्टर म्हणत नसे. गोळ्या हातावर ठेवल्या की माणसाचं तोंड उतरायचं आणि सुई टोचली की निम्मा आजार दवाखान्यातच बरा व्हायचा. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. मी धामणगाव बढ्याजवळच्या एका बाजाराच्या गावी सरकारी नर्स होते आणि माझं सगळ्या गावाशी एकाच गोष्टीवरून वाजायचं. पेनिसिलीन द्यायच्या आधी मी हातावर कातडीखाली एक थेंब सोडायची आणि माणसाला अर्धा तास बाकावर बसवून ठेवायची. थेंबाच्या जागी गाठ आली तर सुई नाही. बैल जुंपून ठेवलेल्या बाजारकरूंना हा अर्धा तास म्हणजे निव्वळ छळ वाटायचा.

"बाई, मले सुई पचते," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एकदा घेतली, काही झालं नाही, म्हणजे ती अंगाला पचली, आता जन्मभर भीती नाही. खरं म्हणजे आधी घेतलेल्यालाच ती पुढच्या खेपेला घात करते. पण हे मी समजावत बसत नसे. वाद घालायचा मला कंटाळा आणि आवाज मूळचाच चढा. "बस म्हटलं ना, बस," एवढ्यावर मी काम भागवायची.

वांगी-मिरच्या लावणाऱ्या घरातली एक सून अशीच बाजाराच्या दिवशी सासूबरोबर आली. पायाला खुरपं लागलेलं, घोट्यापर्यंत सूज, अंगात ताप. "दोन खेपा घेतली बाई, पचते मले," म्हणत तिनं दंड पुढे केला. मी थेंब सोडला. दहा मिनिटांत हातावर गांधीलमाशी चावल्यासारखी गाठ उठली आणि ती मान खाजवायला लागली. मी सुई बाजूला ठेवली. जखम धुतली, पू काढला, डॉक्टरांनी अशा वेळी द्यायला सांगून ठेवलेल्या सल्फाच्या गोळ्या पुडीत बांधल्या आणि म्हटलं, "तुले सुई नाही."

सासू भडकली. "सरकारी सुई काय घरच्यांसाठी जपून ठेवता का?" सून तर रडायलाच लागली. पाय गेला तर मळ्यात कोण उभं राहणार, ही तिची भीती. मी पुढच्या रोग्याचा कागद ओढला. थोड्या वेळानं दाराबाहेर पाहते तर त्यांची गाडी घराकडे न वळता बाजाराकडे वळलेली.

बाजारात चिंचेखाली पेटी घेऊन एक डॉक्टर बसायचा. डॉक्टर कसला, कुठल्याशा दवाखान्यात झाडलोट करता करता टोचायला शिकलेला. दवाखाना तसाच उघडा टाकून मी पळत सुटले. नर्सबाई भर बाजारात पळतेय म्हणून लोक हसत होते. हसू देत.

पोचले तेव्हा त्यानं सुई भरलेली होती. मी सुनेच्या दंडावर माझा पंजा ठेवला.

"आधी माह्या हातात टोच, मंग तिले."

"बाई, तुमी सोता देत नाही आन मले देऊ देत नाही. माह्या पोटावर काऊन पाय देऊन राह्यल्या?"

"मेली तं तू भरून देशीन का बे?"

सासू मधे पडली. "हात काढा बाई. पचते म्हनून सांगतलं ना तिनं."

तेव्हा, दोन वर्षं कुणापाशी काढलं नव्हतं ते माझ्या तोंडून निघालं. "डोणगावकडं होती मी, तवा एका मानसाले मीच सुई देल्ली. त्यालेही पचत होती. गाडी सुटते म्हने, घाई हाय म्हने. मी थेंब न सोडता टोचली. तो दवाखान्याच्या पायऱ्याही उतरला नाही."

पेटीवाल्यानं सुई खाली ठेवली. सून डोळे पुसून माझ्याकडे बघत म्हणाली, "मंग हे मले दवाखान्यात काऊन नाही सांगतलं?"

लाज वाटत होती म्हणून नाही सांगितलं. मी माझे हात झटकून तिला दुसऱ्याच्या सुईखाली धाडलं होतं आणि वर स्वतःला शहाणी समजत होते. स्वतःचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला आधी कारण सांगायची, मग थेंब सोडायची, आणि गाडी सुटत असेल तर खुशाल सुटू द्यायची.

गोळ्यांनी आणि मिठाच्या गरम पाण्यानं तीन आठवड्यांत तिचा पाय बरा झाला. मग एका बाजाराच्या दिवशी ती स्वतःच आली. "त्या दिशी तुमी पळत आल्या. उद्या मी बेसुद पडली आन तुमी नसल्या तं?" बाजारात गोंदणारी बसली होती, तिच्याकडून हातावर लिहून घ्यायचं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. गोंदणारीला अक्षर येत नव्हतं. मी सुनेच्या हातावर शाईनं 'पेनिसिलीन नको' असं लिहून दिलं, त्यावरून तिनं टोचायचं. पण तिच्या सुया वीस मिनिटं स्टोव्हवर उकळल्याशिवाय मी तिला सुनेच्या अंगाला हात लावू दिला नाही.

"आजलोक माह्या सुईनं कोनी मेलं नाही," गोंदणारी कुरकुरली.

"तसंच राहू दे," मी म्हटलं.

टोचून घेता घेता सुनेनं विचारलं, "बाई, त्या मानसाच्या घरच्यायले म्हाईत हाय का, तो सुईनं गेला म्हनून?"

मी नाही म्हटलं. कागदावर हृदय बंद पडून गेला असं लिहिलं गेलं होतं आणि मी ते तसंच राहू दिलं होतं.

"मंग त्याइच्या पोरायलेही कोनी थेंब न सोडता तशीच टोचत असन," ती सहज म्हणाली आणि पुन्हा हाताकडे बघत बसली.

मी त्याच दुपारी रजेचा अर्ज लिहिला. सकाळच्या एस.टी.नं बुलढाणा, तिथून मेहकर, मेहकरहून डोणगाव. नोकरी जाईल, लोक अंगावर येतील, रस्ताभर सगळं मनात येऊन गेलं, पण परत फिरायचं नाही हे पक्कं होतं. त्या माणसाचं घर विचारत विचारत गेले. त्याची बायको ओसरीवर तूर पाखडत होती. कोण, कुठली काही न विचारता तिनं सूप बाजूला सारलं आणि आधी पाण्याचा तांब्या आणून दिला. मी तो न पिताच खाली ठेवला आणि म्हटलं, "माय, तुमच्या मालकाले सुई मी देल्ली होती."