वैदेहीची कोरी नळी

इंजिन ऑइल खूप तापवलं की काळा थर किती धरतं, हे आम्ही प्रयोगशाळेत काचेच्या बारीक नळ्यांत बघतो. आज भट्टीतून दोन नळ्या निघाल्या. माझ्या तेलाची कोळशासारखी, वैदेहीच्या तेलाची जवळजवळ कोरी. पोटात दुखलंच. आपल्या नळीला आपण गुण द्यायचे नाहीत हा आमचा रिवाज, म्हणून तिची माझ्या हातात आली. मी ती खिडकीशी धरून डाग शोधू लागले. सकाळी दोन्ही तेलं सारखीच सोनेरी होती आणि आम्ही दोघी एका डब्यातले पोहे खात होतो. आच लागेपर्यंत सगळंच सोनेरी असतं.

“अगं, तुझी नळीच नीट धुतलेली नसेल,” वैदेही म्हणाली. “थांब, मी परत लावून देते.”

मी तिची नळी पुन्हा उजेडाला धरली.