कोरडी होडी

होडी पाण्यात उतरली आणि आत थेंबभरही पाणी आलं नाही, तेव्हा धक्क्यावरच्या सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मिस्त्री मात्र वाकून कोरडे सांधे बोटाने चाचपत होते.

लाकडी होडी पहिले दोन दिवस गळायलाच हवी. सुकलेल्या फळ्या पाणी पितात, फुगतात, एकमेकींना खेटून बसतात, मग गळती आपोआप थांबते. म्हणून सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकताना फळ्यांना फुगायला जागा ठेवायची असते. पहिल्याच दिवशी कोरडी राहिलेली होडी म्हणजे सांधे ठासून भरलेले. आता फळ्या फुगणार, आणि जागा नाही म्हटल्यावर फळ्यांना आतून धरून ठेवणाऱ्या बरगड्या मोडणार.

"काय मिस्त्री, आहे की नाही एक नंबर काम?" त्यांच्याकडे काम शिकायला येणाऱ्या पोस्टमनने त्यांच्या खांद्यावर थाप मारली. मिस्त्रींनी हसून मान डोलावली. थाप कळली होती, शब्द कळले नव्हते.

नदीकाठच्या जुन्या गोदामात वाचनालयाच्या बाईंनी हा वर्ग सुरू केला, त्याला तीन वर्षं झाली होती. होड्या बांधणारं गावात दुसरं कोणी उरलं नव्हतं. शिकायला आलेले आठ जण कधी खिळाही न ठोकलेले. त्यांत स्वतः बाई होत्या आणि मिस्त्रींची थोरली लेकही होती. मिस्त्री कोणावर आवाज चढवत नसत. चुकलेल्या माणसाच्या शेजारी बसून तेच काम स्वतः एकदा करून दाखवत, बस्स. सांधे भरायची वेळ आली की मात्र सगळ्यांना डोळे मिटायला लावत. "हातोडा बोलतो," ते म्हणत. "आधी ठप्प ठप्प करेल, मग टण्ण करेल. टण्ण आलं की हात आवरायचा. मी थांबा म्हणेन तेव्हा थांबा."

दोन वर्षांपूर्वी त्यांना ते टण्ण ऐकू येईनासं झालं. मग माणसंही ऐकू येईनाशी झाली. हे फक्त बायकोला माहीत होतं. "अख्ख्या संसारात केल्या नाहीत तेवढ्या खुणा आता चोरून करते," ती म्हणायची. "सांगून टाका हो एकदा." ते म्हणायचे, सांगतो. पण ज्या मिस्त्रीचा कानच गेला, त्याच्याकडे कोण शिकायला येईल? ते ओठ वाचायला शिकले, आणि सांध्यांवर कान ठेवायच्या जागी नजर ठेवू लागले. या होडीच्या वेळी त्यांनी 'थांबा' अंदाजानेच म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे घरी गेल्यावर ते होडीत उतरले आणि एकेका बरगडीवर तळवा फिरवला. तिसरीवर बोट अडलं. केसाएवढी चीर होती.

घरी लेक उद्याची तयारी करत होती. नदीच्या मुखापर्यंत जाऊन यायचं ठरलं होतं, आणि सुकाणू तिच्या हाती.

"उद्याचं राहू दे का?" मिस्त्री म्हणाले. "हवेचा भरवसा नाही."

लेक त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ आहे! आता तुम्हीच घाबरलात तर आम्ही काय करायचं?"

दाराशी बायको उभी होती. तिने नवऱ्याला डोळ्यांनीच 'सांगा' म्हणून खुणावलं. त्यांनी मान खाली घातली. "मीही येतो मग," एवढंच म्हणाले.

सकाळी ते होडीत चढले आणि नेमके तिसऱ्या बरगडीपाशी बसले. पाठ फळीला टेकवली, हात लाकडावर ठेवला. नदीच्या वळणाच्या आधी सांगू, त्यांनी ठरवलं. वळण मागे पडलं. पुढे पाणी काळपट झालं, प्रवाह ओढू लागला, दोन्ही काठ लांब गेले. पोस्टमन वल्हं मारता मारता काहीतरी विनोद सांगत होता आणि सगळे हसत होते. मिस्त्रीही हसले.

तेवढ्यात तळव्याखाली लाकूड उसळलं.

वल्ही थांबली. कोणाचंच तोंड हलत नव्हतं. आठही चेहरे मिस्त्रींकडे वळले होते. काहीतरी मोठा आवाज झाला असणार, आणि तो कसला हे मिस्त्रींनी सांगावं म्हणून सगळे थांबले होते. लेकीचे ओठ हलले: "बाबा, काय मोडलं?"

"बरगडी," मिस्त्री म्हणाले. "मला ऐकू आलं नाही. दोन वर्षं झाली, मला काहीच ऐकू येत नाही. सांधे जास्त भरले गेले, ते माझ्यामुळे. काल चीर दिसली, तरी बोललो नाही. होडी फिरव."

लेकीने सुकाणू दाबलं.

होडी वळत असतानाच फळीचा सांधा उघडला. पाणी आधी रेघेसारखं आलं, मग पट्ट्यासारखं. मिस्त्रींनी सदरा काढून सांध्यात कोंबला, पाय समोरच्या फळीला रोवले आणि पाठीने ती जागा दाबून धरली. पाठीमागे शेजारची बरगडीही थरथरत होती. बाई डबा घेऊन पाणी उपसत होत्या. पोस्टमनचा हसरा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता.

धक्का अजून बोटाएवढाच दिसत होता. लेक सुकाणूवरून वल्ह्यांचे ठोके मोजत होती. मिस्त्रींनी तिच्या ओठांवरून नजर हलवली नाही. एक. दोन. एक. दोन. पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत चढलं होतं.