नवरा म्हणजे रिकामा

सेवा मंडळात मी स्वतःहून गेलो नाही. एका शब्दात अडकलो आणि गेलो.

बायको जाऊन सोळा दिवस झाले होते. उधन्यातल्या आमच्या खोलीवर मंडळाची गुजराती बेन आली. हातात वही. खाली बसली, पाणी प्यायली, बायकोबद्दल चार शब्द चांगले बोलली आणि म्हणाली, "काका, हवे तो तमे नवरा ने?"

गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा, बिनकामाचा; ती विचारत होती, आता तुम्ही रिकामेच ना. मला ठाऊक नव्हतं असं नाही. सव्वीस वर्षं कापडाच्या लूमवर काढली, सेठ येताजाता "नवरा बेठा छो?" म्हणून टोचायचा. पण त्या दिवशी कान आपल्या मुलखाचा झाला होता. मला वाटलं, बायको मंडळात काम करायची, तिचं नाव वहीतून कमी करायचं असेल, म्हणून विचारतेय, तिचे नवरे तुम्हीच ना. मी म्हटलं, "हो, मीच."

तिनं लिहून घेतलं. मला सहीपुरतंच येतं, ती केली. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजातल्या दोन पोरी दारात. "चला आबा, पोरं बसलीत."

मंडळात सगळ्या वयाची माणसं होती. शाळेतल्या पोरी पोलिओच्या थेंबांसाठी घरोघर बोलावणं करायच्या, कॉलेजवाले गटारीवर पावडर टाकायचे, एक रिटायर मास्तर पाढे घ्यायचे. माझी बायको लहान पोरांची नखं काढायची, उवा काढायची, डोकी विंचरायची. आईबाप दोघं कामावर, म्हणून पोरं दुपारभर मंडळाच्या खोलीत. ते काम माझ्या गळ्यात पडलं. सोमवार ते शनिवार, दोन ते पाच.

वर पत्रा, एकच खिडकी. बाहेर पाऊल टाकलं की टेम्पोचा रस्ता, म्हणून दाराला आतून कडी. तीस पोरं आणि मी. घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास. पहिले आठ दिवस एकच विचारणा.

"मावशी कुठंय?"

"गेली."

"कधी येईल?"

"नखं दाखव."

मी नख काढताना कातडीही धरायचो. पोरं हात मागं लपवायची. एक पोरगी तर म्हणाली, "आबा, तुम्ही आधी बाहुलीवर शिका."

मला गावी जायचं होतं. अमळनेरकडून भावाचा निरोप आला होता, एकटा तिथं काय करतोस, इकडं ये. जायला कोणाची हरकत नव्हती. बेनला सांगायचं एवढंच होतं: हूं नवरो नथी. मला सवड नाही. तीन शब्द. दोनदा तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. एकदा पाणी मागितलं, एकदा पंखा दुरुस्त करा म्हटलं. बायको जाऊन महिना झाला नाही आणि मी माझ्या तोंडानं सांगू, मी नवरा नाही? बेनला त्यात काही ऐकू आलं नसतं. मला येत होतं.

शेवटी मास्तरांना सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "लूमवर असताना गावी जायचं झालं की काय करायचात?"

"बदली द्यायचो." म्हणजे आपल्या मशीनवर दुसरा माणूस उभा करायचा, मगच निघायचं.

"मग इथं द्या की. त्या शब्दाची गरजच नाही."

शेजारच्या खोलीतली बाई तयार झाली. जळगावकडची, तोंडानं फटकळ, हातानं हलकी. "आबा, तुम्ही जा गावले. मी करस ना." एका दुपारीत पोरं तिच्या मांडीवर. बाहुलीवाली पोरगी मला ऐकू जाईल असं म्हणाली, "ही चिमटे नाही काढत." बेननं वहीतलं माझं नाव खोडलं. झालं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी पिशवी भरली. गाडी संध्याकाळची होती. दोन वाजले, अडीच वाजले. खोलीत बायको नाही हे मला रोज पाचनंतर कळायचं, त्या दिवशी दुपारीच कळलं. भावाच्या घरीही दुपार होणारच, हेही कळलं. तिथं तर तिची नुसती चौकशी करणारी माणसं, तिनं डोकी विंचरलेली पोरं इथंच. पिशवी उचलली आणि स्टेशनचा रस्ता सोडून मंडळाकडे गेलो. का, ते विचारू नका.

शेजारणीनं दार अर्धं उघडलं. "काय राह्यलं, आबा?"

"काही नाही."

"मंग आत तरी या, नाहीतर बाहेर तरी जा. पोरं पळतीन."

मी उंबऱ्यावरच. तेवढ्यात ती बाहुलीवाली माझ्या काखेखालून निसटली आणि थेट रस्त्यावर. पिशवी टाकून धावलो. फ्रॉक हाती लागला तेव्हा ती लाथा झाडत होती.

"सोडा मला. घरी जायचंय."

"घरी कोण आहे?"

ती थांबली. "कोणी नाही."

"मग?"

"तरी जायचंय."

मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, म्हणत होता, आजोबा, नातीला घेऊन बाजूला व्हा. तिला उचललं, आत नेलं आणि कडी मी आतून लावली.