न झालेल्या क्षयाची पथ्ये

"तुम्हाला टीबी नाही. हा सार्कॉइडोसिस आहे," अंधेरीच्या छातीच्या डॉक्टर बाईंनी अहवाल वाचून सांगितले. सुटल्यासारखे वाटायला हवे होते. मला मात्र आधी घरातला माझा वेगळा पेला आठवला आणि मान खाली गेली.

सार्कॉइडोसिस म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा अकारण चेतून फुप्फुसे, डोळे, त्वचा, हृदय अशा अनेक अवयवांत पेशींच्या बारीक गाठी होणे. या गाठींना ग्रॅन्युलोमा म्हणतात. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. क्षयातही अशाच गाठी होतात. घोटाळा तिथेच होतो.

सुरुवात कोरड्या खोकल्याने झाली. मग संध्याकाळची कणकण, घटते वजन. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी छातीचा एक्स-रे पाहून दिंडोशीतले आमचे डॉक्टर म्हणाले, "आपल्याकडे असा एक्स-रे म्हणजे टीबीच धरायचा." मलाही ते पटले. औषधांनी लघवी नारिंगी होऊ लागली, तेवढ्यावरून गुण येतो आहे असे मी मानले.

पथ्ये मात्र मी डॉक्टरांच्याही पुढे नेली. ताट वेगळे, पेला वेगळा, अंथरूण गॅलरीत. "एवढं कुणी सांगितलंय?" असे पत्नी सुनंदा विचारी, मी ऐकत नसे. माझी आई वाशीमकडची. तिच्या गावी आमच्या वस्तीतल्या माणसांना चहा वेगळ्या कपातून मिळे. एका दुपारी तिने माझा पेला उचलला, त्यात पाणी घेतले आणि माझ्यासमोर प्यायली.

"आई, काय करतेस? लागण होईल!"

"होऊ दे. गावातला वेगळा कप सोडून आम्ही इथं आलो. तू तो घरातच मांडलास का रे?"

मी तिच्यावर ओरडलो. तिने पेला विसळून परत माझ्यापुढे ठेवला.

पुढे डावा डोळा लाल झाला, उजेड सोसेना. टीबीच्या एका औषधाने नजरेला त्रास होतो, हे मी ऐकले होते. उपचार थांबवतील या भीतीने मी गप्प राहिलो. वर्तमानपत्रातली अक्षरे विरघळू लागली, तेव्हा सुनंदाने मला नेत्रतज्ज्ञांकडे ओढूनच नेले. युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराचा दाह, असे निदान झाले. ते म्हणाले, "नुसता डोळा आजारी नाही. छाती पुन्हा तपासा."

अंधेरीला श्वासनलिकेतून दुर्बीण घालून गाठीचा तुकडा काढला. दाहावर स्टेरॉइड हवे होते. पण खरोखरच क्षय असता, तर त्याच औषधाने तो उसळला असता. म्हणून त्या तुकड्यातून प्रयोगशाळेत जंतू वाढतात का, हे पाहीपर्यंत डोळ्यात फक्त थेंब घालायचे. त्या काळात अंधेरीच्या प्रतीक्षालयात मी एक डोळा झाकून भिंतीवरचा फलक वाचून पाहत असे. दर खेपेला एखादी ओळ कमी दिसे.

निदानाच्या दिवशी ऑफिसातला दिलीप सोबत होता. मोबाइलवर वाचून तो म्हणाला, "यार, आजारसुद्धा फॉरेनचा आणलास!" मला हसू आले नाही. मी बाईंना विचारले, "हा आपल्या लोकांना होतो?"

"सगळ्यांना होतो, पण सगळीकडे सारखा दिसत नाही. उत्तर युरोपात पायांवर लाल गाठी येतात, ताप येतो आणि बऱ्याचदा आजार आपोआप बरा होतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत तो अधिक चिवट असतो. जपानमध्ये हृदय आणि डोळे जास्त धरतो. आपल्याकडे तो टीबीच्या आड राहतो. किती जणांना आहे, हेही नीट ठाऊक नाही."

घरी येऊन मी आईची क्षमा मागितली. ती म्हणाली, "ते राहू दे. डोळ्याचं काय म्हणाले?"

उजवा डोळा वाचला. डावा उपचारांपर्यंत उशिरा पोहोचला; त्याला आता आकार दिसतात, चेहरे नाहीत. स्टेरॉइडने माझाच चेहरा सुजून अनोळखी झाला आहे.

ज्यांच्यावर ही वेळ येईल, त्यांना एवढेच सांगतो. औषधे मनाने बंद करू नका. पण जंतू सापडला नसेल आणि उतार पडत नसेल, तर पुन्हा विचारा. नवा त्रास औषधाच्या माथी मारून माझ्यासारखे गप्प बसू नका.

गेल्या भेटीत नेत्रतज्ज्ञांनी विचारले, "पुस्तकांतले डोळे बहुतेक परदेशी असतात. तुमच्या डोळ्याचा फोटो विद्यार्थ्यांना दाखवला तर चालेल?" मी हो म्हणालो. हनुवटी यंत्रावर टेकवली.

"काका, हलू नका," तंत्रज्ञ मुलगी म्हणाली.

फ्लॅश पडला. डाव्या डोळ्याला तो धुक्यातून आल्यासारखा, मळकट पांढरा दिसला. पण दिसला.