फिल्टरमध्ये काय घातलंय?

मासे पाळणारी चार माणसं एकत्र आली की माशांवर कमी आणि फिल्टरवर जास्त बोलतात. त्यातून ती नागपूरची असतील आणि विकत आणण्यापेक्षा घरातलंच काहीतरी उचलून वापरायची त्यांना खोड असेल, तर किस्से साचायला वेळ लागत नाही. आमच्याकडे इतके साचलेत की कुणी नुसतं "परवा काय झालं" म्हटलं, तरी बाकीचे आधीच हसायला लागतात!

आमचा अड्डा म्हणजे प्रताप नगरातल्या देवरावजींचा व्हरांडा. देवरावजी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या हॉलमध्ये भली मोठी टाकी आणि तिच्यात एकटा ऑस्कर मासा, ताटलीएवढा. त्याचं नाव ठाणेदार, कारण घरात येणाऱ्या प्रत्येकाकडे तो संशयानं बघतो. देवरावजींच्या हातून खातो, त्यांची चाहूल ओळखतो. त्यांचा जीव त्या माशात अडकलाय, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. त्यांच्या बायकोला, शांताकाकूंना, मात्र तो डोळ्यांसमोर नको असतो. चहाचे कप ठेवता ठेवता त्या ऐकवतातच, "मानसाले कोनी इतकं इचारत नाही या घरात!"

*

मी या मंडळींत नवा होतो तेव्हाची गोष्ट. सीताबर्डीतून फिल्टरसाठी इम्पोर्टेड सिरॅमिक रिंगा आणल्या आणि मोठ्या ऐटीत देवरावजींना दाखवायला नेल्या.

त्यांनी डबा उलटसुलट करून पाहिला. "याच्यात काय असते गा?"

"बारीक छिद्रं असतात. त्यांत चांगले बॅक्टेरिया राहतात. माशांची घाण तेच पचवतात."

"म्हणजे तू नुसतं घर इकत आणलं," देवरावजी म्हणाले. "राह्यनारे कुठं आहेत?"

पुढच्या आठवड्यात आमच्या फ्लॅटची वास्तुपूजा होती. देवरावजी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. वैशालीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, पाहुण्यांसमोर तो उघडला. आत त्यांच्या फिल्टरमधला काळाकुट्ट, ओला, वास मारणारा स्पंज!

"आहेर आहे सूनबाई," ते शांतपणे म्हणाले. "दह्याले इरजन लागते, तसं पान्याले हे."

वैशाली त्यांच्याशी महिनाभर बोलली नाही. पण आमच्या टाकीतलं दुधाळ पाणी काही दिवसांत असं निवळलं, की मासे हवेत तरंगताहेत असं वाटायला लागलं. मी खुर्ची ओढून टाकीसमोर बसून राहिलो. डोळ्यांना न दिसणारं कुणीतरी आत अखंड राबतंय, पगार नाही, सुट्टी नाही! मला तर हात जोडावेसे वाटले.

*

नंदनवनचे किशोरभाऊ कॉलेजात शिकवतात. त्यांच्या गावच्या घरावर टिनाचं छत घातलं, तेव्हा उतरवलेले जुने कवेलू, म्हणजे कौलं, त्यांनी पोत्यात भरून नागपूरला आणले. फोडले, उकळले आणि फिल्टरमध्ये भरले. मातीचा कवेलू म्हणजे छिद्रंच छिद्रं, त्या इम्पोर्टेड रिंगांपेक्षा तसूभर कमी नाही.

काही दिवसांनी त्यांचे वडील आले. आपल्या घराचं छप्पर पाण्यात पाहून किशोरभाऊंना चार शिव्या बसणार, अशी आमची खात्री होती. म्हातारबुवा बराच वेळ टाकीसमोर उकिडवे बसले. त्यांच्या आजोबांनी शाकारलेलं छप्पर, त्याखाली म्हातारबुवांचं सगळं आयुष्य गेलेलं.

शेवटी त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "आता गळत तं नाही ना गा?"

*

प्रमिलाताई निवृत्त नर्स. पाणी गाळायला पांढरा फायबर लागतो, तो दुकानात महाग मिळतो. पण उशीत तोच असतो, हा शोध आमच्यात पहिल्यांदा त्यांना लागला.

त्यांचे जावई रायपूरला असतात. तिसऱ्या खेपेला आले तेव्हा सकाळी मान धरून बाहेर आले. "सासूबाई, माही उशी दर वेळी पातळ काहून होऊन राहिली?"

प्रमिलाताईंनी टाकीकडे बोट दाखवलं. "पाणी पाहा ना कसं चकाचक आहे!"

जावई आता येताना स्वतःची उशी घेऊन येतात. प्रमिलाताई म्हणतात, "ते बी चांगल्या कंपनीची आहे."

*

भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळीदार घासण्या फिल्टरमध्ये फार छान चालतात. मी सीताबर्डीवर एका ठेल्यावरच्या सगळ्याच्या सगळ्या घेतल्या.

ठेलेवाला खूश झाला. "हॉटेल खोललं काय भाऊ?"

"नाही, घरी मासे आहेत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, घासण्यांकडे पाहिलं. "साबन कोनता लावता मंग?"

*

एका उन्हाळ्यात मी आमच्या कूलरचे पॅड काढून फिल्टरला लावले. नवे पॅड आणायचे राहून गेले. आणि मे महिन्यातलं नागपूर म्हणजे काय, हे नागपूरकराला सांगायला नको!

दुपारी माझ्या दुकानातून घरी आलो तर वैशाली टाकीजवळ खुर्ची टाकून बसलेली, दोन्ही पाय पाण्याच्या बादलीत. "मासोळ्या गारव्यात," ती म्हणाली, "अन् लग्न माह्याशी केलं होतं ना तुम्ही?"

मी तसाच उन्हात पॅड आणायला गेलो.

*

मागच्या मे महिन्यात देवरावजींची बायपास झाली. भरती होताना त्यांनी काकूंना एवढंच बजावलं होतं, "लाईट गेली तं पानी हालतं ठेवजो. अन् फिल्टरमधला माल सुकू देजो नको. त्याच्यातले जीव मेले तं ठाणेदार बी जाईन." ऑपरेशन नीट झालं, पण यांच्या जिवाला कसलाही घोर लागू द्यायचा नाही, अशी डॉक्टरांनी घरच्यांना ताकीद दिली होती.

दोन दिवसांनी मुलगा हॉस्पिटलात थांबला आणि काकू कपडे बदलायला घरी आल्या. त्याच दुपारी वादळ आलं. गल्लीतलं झाड तारांवर पडलं. लाईट गेली आणि थोड्या वेळात इन्व्हर्टरही बसला. संध्याकाळी रस्ता मोकळा झाल्यावर किशोरभाऊ आणि मी बॅटरीवरचा पंप घेऊन धावलो. ठाणेदार संपला असणार, असंच आम्ही धरून चाललो होतो. देवरावजींना सांगायचं कसं, यावर वाटेत आमचं बोलणंही झालं होतं.

दार उघडंच होतं. हॉलमध्ये काळोख दाटत आलेला. काकू स्टुलावर उभ्या होत्या. टाकीच्या तोंडावर पुरणाची चाळणी, आणि तिच्यात फिल्टरमधला सगळा काळा माल. टाकीतल्या पाण्यानं प्लास्टिकचा मग भरायचा, उंचावरून चाळणीवर ओतायचा, पुन्हा भरायचा. दुपारपासून हेच चाललं होतं. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, बोटं पाण्यानं पांढरी पडून सुरकुतलेली. आणि ठाणेदार त्या धारेखाली तोंड वर करून, कल्ले हलवत, जिवंत!

आम्ही चपलांसकट आत धावलो.

"काकू, द्या इकडे, मी ओततो," मी हात पुढे करत म्हणालो.

"पह्यले पंप लावा," त्या म्हणाल्या. हात थांबला नाही.

किशोरभाऊ टॉर्च धरून पंप जोडायला बसले, तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. हॉस्पिटलमधून देवरावजी. मी स्पीकर लावून फोन काकूंच्या तोंडाजवळ धरला.

"इकडं लय वारं सुटलं होतं वं," त्यांचा आवाज अगदी खोल गेला होता. "लाईट गेली काय घरची?"

काकूंनी हातातला मग भरला आणि आवाज होऊ नये म्हणून अगदी हळू, चाळणीला टेकवून रिता केला.

"लाईट कायले जाते?" त्या म्हणाल्या. "पंख्याखाली बसून आहो मी. तुमचा ठाणेदार डोये वटारून पाहून राहिला माह्याकडे. झोपा तुम्ही."